तिरपी खाट

म्हाताऱ्याने जन्मभरात चारशे एकवीस हाडं बसवली होती. हा आकडा त्याने कुठे लिहून ठेवला नव्हता. लिहिलेलं कुणीही खोडतं, डोक्यातलं खोडायला डोकंच फोडावं लागतं, असं त्याचं म्हणणं. मनगटं दीडशेच्या वर, मग कोपरं, खांदे, नडग्या, बरगड्या, आणि एका शेळीचा पुढचा पाय. शेळीला तो माणसांतच धरत असे, कारण सांगितले तेवढे दिवस गप्प पडून राहणारा तो एकच पेशंट त्याला भेटला होता.

चारशे बाविसावं हाड मुलाचं. ते तो मोजत नव्हता.

मोजत नव्हता, पण ऐकत होता. सकाळी ओट्यावर बसून तो पट्ट्या गुंडाळायचा, तेव्हा मुलगा लाकडाच्या छपरीतून विहिरीकडे जायचा. ठप्प. मग जरा वेळ काहीच नाही. मग सर्र. उजवं पाऊल पडत होतं, डावं मागून ओढून आणलं जात होतं. पावलांवरून माणूस ओळखणारा वैद्य म्हणून गाव म्हाताऱ्याचं कौतुक करायचं. "फाटकाशी पोचायच्या आत नाव घेतो," लोक म्हणायचे. या कौशल्याला फार वर्षं झाली नव्हती, दोनच झाली होती. दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांवर साय धरली होती. आता माणूस म्हणजे उजेडातला एक काळपट खांब. खांब चालला किंवा बोलला की मग त्याला नाव यायचं. हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. घरात सुनेला माहीत होतं, कारण तांब्या उचलण्याआधी म्हातारा जमीन चाचपायचा हे तिने पाहिलं होतं. पण ती कधी बोलली नव्हती, आणि ती बोलत नाही तोवर म्हाताऱ्याच्या हिशेबात ती गोष्ट झालेलीच नव्हती.

मुलगा सुतार. बापाची विद्या त्याने घेतली नाही. "लाकूड कापताना ओरडत नाही," एवढंच कारण तो सांगायचा. तरी हाड बांधायच्या बापाच्या सगळ्या कामट्या तोच करून द्यायचा. रंध्याखालून काढलेल्या, कडा गोल केलेल्या, हाताला रेशमासारख्या लागणाऱ्या. गेल्या थंडीत तेलघाण्याचं छप्पर दुरुस्त करताना कुजका वासा मोडला आणि वासाही खाली आला, मुलगाही. चौघांनी त्याला घाण्याच्याच दारावर घालून घरी आणलं. डावी मांडी मधोमध मोडली होती.

"दवाखान्यात न्यायचा का?" चौघांतल्या एकाने विचारलं होतं.

"वैद्याच्या पोराला?" म्हातारा म्हणाला होता, आणि अंगणात जमलेली वीस-पंचवीस माणसं हसली होती. त्या हसण्यानंतर दुसरं काही करणं त्याला शक्यच नव्हतं.

मांडी बसवायची त्याची एक रीत होती. पेशंटला खाटेवर घालायचं, कमरेचा पट्टा उशाच्या आडव्या दांडीला आवळायचा, पाय ताणून खाटेच्या लांब दांडीला धरून कामट्यांत बांधायचा आणि पायाच्या बाजूला, कोपऱ्यावरून, वाळूची पिशवी लोंबकळत सोडायची, म्हणजे हाड ताणलेलं राहतं. खाटेची दांडी सरळ, तर पाय सरळ. हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. बापाने आणखी एक शिकवलं होतं: रोज सकाळी पायाशी उभं राहायचं, एक डोळा मिटायचा, आणि अंगठा, गुडघ्याची वाटी आणि कंबर एका रेषेत आहेत का ते बघायचं. ते दुसरं म्हाताऱ्याने दोन वर्षांपासून सोडलं होतं. त्याऐवजी तो तळहात दांडीवरून फिरवायचा. पाय दांडीला चिकटलेला लागायचा. हात म्हणायचा, ठीक आहे.

पंधराव्या दिवशी त्याला पाय आखूड भासला, म्हणून त्याने वाळूची दुसरी पिशवी चढवली.

"बाबा, खाट कुरकुरतेय," मुलगा पडल्यापडल्या म्हणाला. "एका कोपऱ्याला एवढं वजन. हा सांधा घेणार नाही."

"तू सध्या पेशंट आहेस. उठलास की मग सुतार हो."

मुलगा उठला तो तीन महिन्यांनी. आणि चालला तो असा: ठप्प, काहीच नाही, सर्र.

"नस धरलीय," म्हाताऱ्याने जाहीर केलं. "सुटेल."

नस सुटेना. तेलाच्या दोन बाटल्या जिरल्या, शेकून शेकून कातडी काळी पडली, आणि मग एक दिवस ठेकेदार आला.

ठेकेदार बोलायला गोड माणूस. त्याच्या तोंडून नकार ऐकलेला माणूस घरी पोचेपर्यंत तो होकारच समजायचा. गावाबाहेर धान्याचं मोठं गोदाम बांधायचं होतं, आणि त्याचं सगळं छप्पर एका सुताराच्या हाती जायचं होतं. असं काम दहा वर्षांत एकदा येतं. ठेकेदाराने छपरीला टेकवलेली शिडी पाहिली, बाजूला पडलेला वासा पाहिला, आणि हसत म्हणाला, "सहज म्हणून, जरा वर चढवून दाखव बघू."

सुताराने वासा खांद्यावर घेतला. पहिली पायरी उजव्याने. दुसरी उजव्याने. डावा पाय नुसता मागून येऊन शेजारी उभा राहायचा, एखाद्या पाहुण्यासारखा. चौथ्या पायरीवर वजन डाव्यावर आलं, पाऊल बाहेर वळलेलं असल्यामुळे पायरीवर आडवं पडलं, आणि वासा भिंतीला घासत खाली आला. मागोमाग सुतार उतरला. पडला नाही, शिडीला मिठी मारून, एकेक पायरी ढुंगण टेकत उतरला. ते पडण्यापेक्षा वाईट होतं.

म्हाताऱ्याने ओट्यावरून सगळं ऐकलं. कोणती पायरी, किती वजन, कुठे चुकलं; त्याला डोळ्यांची गरज लागली नाही.

"घाई नाही," ठेकेदार कपडे झटकत म्हणाला. "भिंती यायलाच सहा महिने आहेत. छप्पर तुझंच. फक्त पाय नीट करून ये. खाली उभं राहून सांगणारी माणसं माझ्याकडे पुष्कळ आहेत. मी स्वतः आहे."

तो गेल्यावर सून छपरीतून कौलांखाली मारायच्या तीन-चार पातळ रिपा घेऊन आली. तिने नवऱ्याला भिंतीशी सरळ उभं केलं आणि त्याच्या कमरेच्या दोन्ही हाडांवर एकेक बोट ठेवलं. मग त्याच्या डाव्या टाचेखाली एक रीप सरकवली. बोटं पाहिली. दुसरी सरकवली. तिसरी.

"तीन," ती म्हणाली. "तीन रिपांनी कंबर सारखी होते, मामंजी."

"सूज आहे अजून," म्हातारा म्हणाला.

"सुजेने पाय आखूड होतो?"

"तुझ्या बापाने किती हाडं बसवली?"

"एकही नाही. म्हणून तर आमच्याकडे सगळे सरळ चालतात."

सुतार दोघांच्या मध्ये तीन रिपांवर उभा होता. बऱ्याच दिवसांनी तो ताठ उभा होता, आणि त्याला खाली उतरावंसं वाटत नव्हतं.

म्हाताऱ्याने पट्टीची गुंडाळी खाली ठेवली. "हाड अजून कोवळं आहे. आठ दिवस शेकून मऊ करतो, त्याच जागी मोडतो, आणि परत बसवतो. माझ्या बापाने दोघांचं केलंय असं. एक जण नंतर झाडावर चढायचा."

"आणि दुसरा?" सुनेने विचारलं.

म्हातारा पट्टी पुन्हा गुंडाळायला लागला.

"बसवा," सुतार म्हणाला. रिपांवरून उतरला, आणि लंगडत छपरीत गेला. रंध्याचा आवाज सुरू झाला. म्हाताऱ्याला त्या आवाजाने समाधान वाटलं; पोरगा नव्या कामट्या काढत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून ओट्यावर आली आणि त्याच्याजवळ बसली. रोज ती पाच हात दूर बसायची. तिने त्याच्या एका हातात सुई दिली, दुसऱ्यात दोरा.

"तेवढा ओवून द्या, मामंजी. दिलात तर मग तुम्हीच मोडा पाय. मी पाय धरीन."

छपरीत रंधा चालू होता. म्हाताऱ्याने दोऱ्याचं टोक ओलं केलं, पिळलं, सुई नाकाशी आणली. बोटांना नेढं सापडलं. बोटांना सगळंच सापडायचं. दोरा सुईच्या उजवीकडून गेला, मग डावीकडून गेला, मग त्याच्याच अंगठ्यावर टेकला. उजेडात फक्त त्याच्या हाताचा काळपट डाग होता. सुनेने घाई केली नाही, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

शेवटी त्याने सुई तिच्या पदरात ठेवली.

"डॉक्टरला एकदा दाखवायला काय हरकत आहे," तो म्हणाला. "फोटो निघेल. आपलं म्हणणं तपासून घेता येईल."

"हो," सून म्हणाली. "तुमचं म्हणणं तपासून घेऊ." आणि दोरा स्वतः ओवून आत गेली.

तालुक्याच्या दवाखान्यात तो बरोबर गेलाच. माझ्याशिवाय त्याला दुखणं सांगता येणार नाही, असं म्हणाला. हाडांची डॉक्टर बाई निघाली, आणि आवाजावरून नातीच्या वयाची. तिने सुताराला चालायला लावलं, वळायला लावलं, परत चालायला लावलं. मग त्याच्या डाव्या पायाखाली लाकडी ठोकळे सरकवायला सुरुवात केली. एक. दोन. कमरेवर हात ठेवून बघितलं. आणखी एक पातळसा.

"अडीच सेंटिमीटर," ती म्हणाली.

"तीन रिपा," सून हळूच म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग टेबलावर झोपवून डॉक्टरने गुडघे वाकवले, कुल्ला आत-बाहेर फिरवला, दोन्ही वाट्या छताकडे केल्या आणि डावं पाऊल कुठे बघतं ते पाहिलं. ते खिडकीकडे बघत होतं. कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा उभा फोटो निघाला. तो उजेडावर लावून तिने पट्टी ठेवली आणि पेन्सिलीने रेघा मारल्या. म्हाताऱ्याला पेन्सिलीची कुरकुर ऐकू आली. उजव्या पायावर एक लांब रेघ, न थांबता. डाव्यावर एक रेघ, मग थांबणं, मग दुसरी.

"हाड जुळलंय, पक्कं जुळलंय," डॉक्टर म्हणाली, "पण वाकडं. हे बघा, इथून रेघ फुटते. बाहेरच्या बाजूला वीस अंश कोन झालाय, खालचा भाग बाहेर फिरलाय, आणि आखूड आहे ते वेगळंच. असंच ठेवलं तर चार-पाच वर्षांत गुडघा झिजेल, मग कंबर धरेल. हाड त्याच जागी कापावं लागेल, फिरवून सरळ करायचं आणि आत पट्टी बसवायची. कोन जाईल, पाऊल समोर येईल. उंची थोडी कमी राहील, ती बुटात भरून काढू. चार महिन्यांनी शिडी चढाल."

"चार?" सुताराने विचारलं. त्याच्या आवाजात इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं.

"सांगितलं तसं वागलात तर. हे बसवलं कुणी?"

पंखा फिरत होता. म्हातारा बाकावर टोकाला बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याने तोंड उघडलंही होतं.

"होता एक," सुतार म्हणाला. "बाहेरगावचा. आला, बांधलं, गेला."

"तीन महिन्यांत एकदाही फोटो नाही? एकदाही समोर उभं राहून बघितलं नाही? हे आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं." डॉक्टर रागावलेली नव्हती, थकलेली होती. ती बाकाकडे वळली. "आजोबा, तुम्ही घरातले मोठे. तुम्ही तरी कसा पाय दिलात असल्या माणसाच्या हातात?"

सून काय करते ते म्हाताऱ्याने ऐकण्याचा प्रयत्न केला. ती श्वाससुद्धा घेत नव्हती.

"चुकलं," म्हातारा म्हणाला.

"पुन्हा नका देऊ."

"नाही देणार."

परतीच्या बसमध्ये सुतार खिडकीशी बसून फोटोचं मोठं पाकीट छातीशी धरून होता, आणि खड्डा आला की आधी पाकीट सांभाळत होता, मग पाय.

मुलाने त्याचं नाव झाकलं होतं, पण गावाला नाव सांगावं लागत नाही. वैद्याचा पोरगा दवाखान्यात पाय कापून घेणार, ही बातमी पिठाच्या गिरणीवर पिठाच्याही आधी बाहेर पडली. गिरणीवाला पट्ट्याच्या आवाजावर ओरडून बोलायचा, त्यामुळे त्याने कानात सांगितलेलंही रस्त्यापर्यंत जायचं. आठवडाभर म्हातारा ओट्यावर बसून पावलं ऐकत होता. ओझं घेतलेली, हात गळ्यात बांधलेल्या माणसाची सावध पावलं फाटकाशी यायची, मंदावायची, आणि बसच्या रस्त्याला लागायची. एक, दोन, चौथ्या दिवशी तिसरं. तो मोजत होता.

ऑपरेशनला चार दिवस राहिले असताना सुतार खाट अंगणात काढून बसला. घरी आल्यावर तिच्यावरच पडायचं होतं, आणि सुंभ सैल झालं होतं. सुंभ उसवून चौकट मोकळी केल्यावर त्याने सवयीने, हात गेला म्हणून, कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावला. मग थांबला. दुसऱ्या कोपऱ्यात लावला.

"दोरी आण गं जरा."

सून दोरी घेऊन आली. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ताणली, गाठ मारली. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत ताणली. गाठ पुढे गेली; चौकट सरळ असती तर दोन्हीकडे सारखीच बसली असती.

"किती?" ओट्यावरून म्हाताऱ्याने विचारलं.

"चार बोटं," सुतार म्हणाला. "तिरपी आहे. पण मी बांधली तेव्हा..."

म्हातारा उभा राहिला. इतक्या झटक्यात तो वर्षात उभा राहिला नव्हता.

"तिरपी!" तो म्हणाला. "पाय मी दांडीला धरून बसवला. दांडीच तिरपी! मग पाय कसा होईल? दांडीबरहुकूम झाला! माझा हात चुकलाच नाही!"

"बाबा, मी ती गुण्याने बांधली होती. मला आठवतंय."

"घरचं काम! लोकांची कामं गुण्याने करतोस, घरचं अंदाजाने. चार बोटं! आणि मी इतके दिवस लोकांपासून तोंड लपवतोय!"

सुतार चौकटीकडे बघत राहिला. त्याला स्वतःचीच शंका यायला लागली होती. सहा वर्षांपूर्वीचं काम, कोण छातीठोक सांगणार? "असेल," तो शेवटी म्हणाला.

म्हातारा तोवर काठी घेऊन फाटकाबाहेर पडलाही होता. गिरणीवर त्या दिवशी त्याने पट्ट्याच्या वरताण आवाज काढला. आणि गावाला गोष्ट आवडली. वैद्याचा हात गेला, ही गोष्ट उदास करणारी होती. सगळ्यांचीच हाडं त्याच्या हातून गेलेली. सुताराची स्वतःची खाट तिरपी, ही गोष्ट हसवणारी होती. गावाने हसवणारी घेतली.

"म्हणजे त्याचा पाय त्यानेच वाकडा केला म्हणा की," गिरणीवाला ओरडला.

"मी तसं म्हणत नाही," म्हातारा म्हणाला. "खाट म्हणते."

मुलगा आणि सून दवाखान्यात गेले ते तीन आठवड्यांसाठी. त्या तीन आठवड्यांत खाट अंगणातच राहिली. कोणी आलं की म्हातारा दोरी ताणून दाखवायचा, माणसाला स्वतःच्या बोटांनी मोजायला लावायचा. हळूहळू सावध पावलं पुन्हा आत वळायला लागली. एक मनगट आलं, एक निखळलेलं बोट आलं. म्हाताऱ्याने आकडा पुढे नेला, आणि नेताना मागचं एक राहिलेलं धरून घेतलं. मुलाचं हाड चारशे बाविसावं झालं. आता ते धरायला काही अडचण नव्हती.

एका दुपारी अंगण रिकामं होतं. कोणालाही दाखवायचं नसताना तो खाटेशी बसला आणि उगाच तिच्यावरून हात फिरवू लागला. आवडत्या जनावरावरून फिरवावा तसा. उशाचे दोन कोपरे. घट्ट. सांध्यांत नखही जात नव्हतं. पायाकडचा उजवा कोपरा. घट्ट. पायाकडचा डावा.

बोटं थांबली.

इथे दांडी आपल्या भोकात हलत होती. त्याने करंगळी आत घातली. भोक एका बाजूला लांबट झालं होतं, लाकूड चेचलेलं, आणि चेचल्याचे तंतू अजून धारदार. सहा वर्षांची जखम गुळगुळीत झाली असती. ही गेल्या थंडीतली होती. सांध्याची खुंटी मध्ये मोडून वाकली होती, बाहेरच्या बाजूला, वजनाच्या दिशेने. दांडीच्या टोकावर दोरीने कापलेली खाच होती. दोन खाचा, शेजारी शेजारी. दोन पिशव्या.

चारशे चोवीस हाडं हाताखालून गेलेल्या माणसाला मोडलेल्या जागेवरून मोडण्याची रीत कळते. कुठून भार आला, किती दिवस राहिला, सगळं कळतं. मुलाने खाट चौकोनात बांधली होती. ती रोज थोडी थोडी झुकत गेली, आणि दांडीला बांधलेला पाय तिच्याबरोबर गेला, आणि रोज सकाळी त्याच्या तळहाताने म्हटलं, ठीक आहे.

ऊन ओट्यावरून उतरून पायरीवर येईतो तो तसाच बसला. मग चाचपत आत गेला, एक रुंद पट्टी घेऊन आला, खुंटी अंगठ्याने आत दाबली, आणि सांधा बांधून टाकला. खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर, शेवटी गाठ आतल्या बाजूला. उत्तम बांधला. सांधा त्या बाबतीत शेळीसारखा होता. हूं की चूं केलं नाही.

दोन दिवसांनी ठेकेदार आला.

"ऐकलं ते खरं का बघायला आलो," तो म्हणाला. त्याने स्वतःची फीत काढली, कोपऱ्याकोपऱ्यांतून धरली, आणि जिभेने चक् केलं. "वाईट वाटतं हो. पाय होईल नीट, डॉक्टर करतील. पण ज्याची स्वतःची खाट चार बोटं तिरपी, त्याच्या हातात सत्तर फुटांचं आढं कसं देऊ? उद्या छप्पर झुकलं, तर लोक मला विचारतील." तो जरा थांबला. "ही पट्टी कसली?"

"कुठली?"

"इथे, कोपऱ्याला."

म्हाताऱ्याच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. ते लहान होतं. उच्चारायला एक श्वास पुरला असता, आणि छप्पर मुलाचं राहिलं असतं. फाटकापलीकडे गिरणीवाला उभा होता. त्याच्या चपलेची पिठाळ फरफट म्हाताऱ्याला मघाच ऐकू आली होती.

"सांधा लेचापेचा आहे," म्हातारा म्हणाला. "पहिल्यापासून."

"तेच म्हणतो मी." ठेकेदाराने फीत गुंडाळली. "मग त्या दुसऱ्या, डावखुऱ्या सुतारालाच सांगतो. तो बरा आहे."

"चांगला आहे," म्हातारा म्हणाला. "त्याचा खांदा मीच बसवलाय."

सुतार आला तो जीपमधून, दोन कुबड्यांवर. म्हातारा ओट्यावर कान देऊन बसला. कुबड्या टेकल्या, उजवा पाय पडला. डावा अजून जमिनीला लावायचा नव्हता, पण तो मागून येत नव्हता. बरोबरीने येत होता, समोर तोंड करून. न दिसताही कळत होतं. सर्र गेलं होतं.

"सरळ झाला?" त्याने विचारलं.

"झाला," सून म्हणाली. "फाटकाशी तुमचा गिरणीवाला भेटला. छपराचंही कळलं."

सून सामान आत घेऊन गेली. सुतार कुबड्या टेकत खाटेपर्यंत आला. अंगणात ती तशीच होती, दोरीसकट. तिच्या दांडीवर तो जपून बसला, डावा पाय पुढे लांब करून. मग त्याचा हात कोपऱ्यावर गेला.

म्हाताऱ्याने गाठ सुटताना ऐकली. पट्टीचे वेढे एकेक करून निघाले, सावकाश. त्याने ते मोजले, सात होते. मग बोट भोकात फिरल्याचा खरखर आवाज. मग मोडकी खुंटी दांडीवर ठेवल्याचा.

विहिरीवर सुनेने सोडलेली बादली पाण्यावर आपटली.

"बाबा," सुतार म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "हे बघितलंत?"

म्हातारा आवाजाच्या दिशेने वळला. उजेडात एक काळपट खांब होता, नेहमीपेक्षा ताठ. दोन वर्षं जे वाक्य तो दाताखाली धरून होता, ज्या एका वाक्याने मांडी पहिल्याच दिवशी दवाखान्यात गेली असती, ते आता किती सहज आलं याचं त्यालाही नवल वाटलं.

"मला दिसत नाही रे," तो म्हणाला. "डोळे गेलेत माझे."

विहिरीवरची बादली वर येता येता थांबली.

सुताराने खुंटी उचलली. उलटसुलट पाहिली, वजन पाहावं तशी हातात तोलली, आणि परत भोकात घातली. मग पट्टी घेतली आणि सांधा पुन्हा बांधायला लागला. त्याला बापासारखं जमत नव्हतं. वेढे वेडेवाकडे पडत होते.

फाटक वाजलं. दोन माणसांची पावलं आली, एक बाईची, एक लहान, आणि लहान पावलांबरोबर दाबलेलं रडणं.

"वैद्यबुवा, पोरगी पडली हो," बाई म्हणाली. "मनगट धरूच देत नाही. जरा बघता का?"

म्हातारा उठला. कपडे झटकले, दोन पायऱ्या न चाचपता उतरला.

"बघतो," तो म्हणाला. "आण इकडे, उजेडात. आणि तू उठ रे तिथून, पोरीला खाटेवर बसू दे."